तीन पक्षांचं वेळापत्रक

शाळेत मुख्याध्यापक आले-गेले, इमारतीचा रंग दोनदा बदलला, एकदा गणवेशही बदलला. वेळापत्रक मात्र बावीस वर्षं बाईच करत होत्या. नेमणूक झाली होती भूगोल शिकवायला. वेळापत्रक हे गळ्यात पडलेलं काम. पण गळ्यात पडलेली कामंच पुढे माणसाची ओळख होऊन बसतात, त्यामुळे भूगोलावरून बाईंना कोणी ओळखत नसे.

एकोणतीस वर्ग, दिवसाला आठ तास, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे चौदाशेला आठ कमी इतक्या चौकटी. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात बाई शिक्षकांच्या खोलीतलं मोठं टेबल ताब्यात घेत, कार्डशीट चिकटपट्टीने जोडत, आणि त्या दिवसांत त्यांच्याशी चहापाण्याचंही कोणी बोलत नसे. नियम एकच: चौकट रिकामी ठेवायची नाही. रिकामी चौकट म्हणजे पंचेचाळीस मुलं, चार भिंती आणि वाली कोणी नाही. शिक्षक कमी पडले की बाई तिथे पेन्सिलीने कोणाचं तरी नाव लिहून टाकत. खेळाच्या सरांना आपलं नाव सातवीच्या विज्ञानात दिसे. सर लाल होऊन येत, राजीनाम्याची भाषा करत, दोन दिवस तोंड फिरवून बसत आणि तिसऱ्या दिवशी खडू घेऊन वर्गात जात. मग बाई पेन्सिलीवरून पेन फिरवत. माणसाला त्याचं नाव चौकटीत लिहून दाखवलं की तो कुरकुरत का होईना तिथे जाऊन उभा राहतो, असा त्यांचा पक्का समज झाला होता. समज शाळेपुरता खरा होता. तो त्यांनी शाळेबाहेर नेला, ही चूक.

बाई राहत त्या इमारतीला तीन मजले, आठ बिऱ्हाडं आणि तळाला एक शिंप्याचं दुकान. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यामुळे इमारतीत एक बाई आणि एक मास्तर होते, आणि त्या दोघांत शिकवत फक्त बाई होत्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एकोणीस वर्षांचं भाड्याचं घर. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. बारा-बारा, वीस-वीस मजल्यांच्या इमारतींचे प्राण त्यांच्या पान्यात, आणि स्वतःच्या घरी यायचं तर हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून बावन्न पायऱ्या. यावर इमारतीत एकोणीस वर्षं एकच विनोद चालू होता, आणि प्रत्येक नवा भाडेकरू तो आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखा सांगे. लिफ्टवाले दर वेळी हसत. तेवढा त्यांचा स्वभाव चांगला होता.

त्यांच्या नोकरीची एक अट होती. लिफ्टमध्ये कोणी अडकलं आणि फोन आला, की अर्ध्या तासात तिथे पोहोचायचं. या घरातून शहराचं कुठलंही टोक स्कूटरवरून वीस-पंचवीस मिनिटांचं. म्हणून तर हे घर घेतलं होतं, आणि म्हणूनच जिना, गळका नळ आणि खिडकीची न लागणारी कडी ही तिन्ही संकटं दोघांनी गोड मानून घेतली होती.

निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना मालकाचा मुलगा फॉर्म घेऊन आला. इमारत पाडायची होती. भाडेकरूंनी फॉर्मवर सही करायची, सहा महिन्यांत जागा सोडायची, आणि बदल्यात गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर मिळणार होतं. वसाहत बसच्या शेवटच्या थांब्यापासून पुढे चालत पंधरा मिनिटांवर होती. सहीची मुदत मतदानाच्या आधीचा शुक्रवार. मुलगा बाईंच्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे वाकून बोलत होता.

"नंतर कोणाचं सरकार येईल, काय कायदा येईल, कोणी सांगावं, बाई," तो म्हणाला. "आज देतोय ते घेऊन टाका."

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या दुकानात सगळी बिऱ्हाडं जमली. कोणी कापडाच्या गठ्ठ्यावर, कोणी पायरीवर, पहिल्या मजल्यावरची नर्स आरशाला टेकून. मास्तरांनी मुद्दा सरळ मांडला. तीनही पक्ष घरांविषयी ओरडताहेत. त्यातल्या एकाचं जरी धोरण जुन्या भाडेकरूला हलवू नका असं म्हणत असलं, तर सही करायची नाही आणि मत त्याला द्यायचं. कोणीच तसं म्हणत नसेल, तर मुकाट्याने सही करून सामान बांधायचं. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न एवढाच, की तीन जाहीरनामे वाचणार कोण. यावर एकमेकांकडे पाहण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. सगळ्यांनी एकदम बाईंकडे पाहिलं.

बाई नको म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात लिफ्टवाले म्हणाले, "हिला फक्त पट्टी आणि कार्डशीट द्या. बाकी हिला कशाची भूक लागत नाही."

इमारतीत पक्षांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नसे. सत्तेतले, पडलेले आणि नवे, अशी साधी विभागणी होती. सत्तेतल्यांचा जाहीरनामा शहाण्णव पानांचा आणि गुळगुळीत. घरांचं प्रकरण उघडलं की आधी पानभर फोटो: आई, बाप, दोन मुलं, बापाच्या हातात किल्ली, सगळे दात दाखवून हसताहेत. पडलेल्यांचा जाहीरनामा कमी पानांचा, कारण पडल्यावर कागद कमी होतो. पण त्यातही घरांच्या प्रकरणाला तेच कुटुंब, तीच किल्ली, तेच दात. फक्त बापाचा शर्ट पक्षाच्या रंगाचा करून घेतलेला. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. निवडणूक कोणीही जिंको, त्या माणसाला घर मिळणार हे नक्की होतं.

नव्यांनी कागदच छापला नव्हता. त्यांचं धोरण फोनवर होतं, आणि ते उघडायचं तर आपला नंबर द्यावा लागे. बाईंनी दिला. धोरण उघडलं नाही, पण त्या दिवसापासून रोज सात निरोप येऊ लागले. पहिला सकाळी सव्वासहाला: बदलासाठी तयार आहात ना? बाई त्या वेळी दूध तापवत असत आणि कशालाच तयार नसत.

शेवटी शाळेतल्या संगणकाच्या सरांनी धोरण उघडून दिलं आणि बाईंनी रविवार धरून तीनही प्रकरणं वाचून काढली. वाचताना त्यांनी खुणा केल्या. 'टप्प्याटप्प्याने' एकतीस वेळा. 'लवकरात लवकर' अठरा. 'योग्य त्या' सोळा. 'सन्मानाचं घर' तिघांकडे मिळून चोवीस वेळा, आणि भाडेकरू हा शब्द तिघांकडे मिळून चारदा, त्यातला एक सूचीत. निबंध तपासताना बाईंना असली मुलं दरवर्षी भेटत. उत्तर येत नसलं की ती प्रश्नच सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढत. त्यांना बाई दहापैकी दोन देत, अक्षराचे.

मग त्यांनी तक्ता आखला. वर तीन पक्ष, डावीकडे सहा प्रश्न. जुन्या भाडेकरूला हलवता येईल का? नवं घर होईपर्यंत त्याने राहायचं कुठे? नवं घर केवढं? ते याच भागात की बाहेर? कधीपर्यंत? आणि नाही झालं तर जबाबदार कोण? अठरा चौकटी. ज्या बाईने बावीस वर्षं चौदाशे चौकटी भरल्या तिला अठरा म्हणजे काय. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्यातल्या सात भरल्या होत्या, आणि त्या सातांतही पाच चौकटींत 'टप्प्याटप्प्याने' होतं.

मधल्या सुटीत बाई पक्षांच्या कार्यालयांना फोन करू लागल्या. सत्तेतल्यांकडे एका मुलीने फार गोड आवाजात प्रश्न लिहून घेतले आणि धोरण समिती जेवायला गेली आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकराला केला, तेव्हाही समिती जेवायलाच गेलेली होती. एवढ्या जेवणाऱ्या समितीने निदान स्वयंपाकघराच्या मापाविषयी तरी काही लिहायला हरकत नव्हती, असं बाईंनी यजमानांना सांगितलं. नव्यांकडे फोन उचलायला माणूस नव्हता, यंत्र होतं. घरांसाठी दोन दाबा. दोन दाबलं की ते यंत्र बाईंना देणगी द्यायचा मार्ग समजावून सांगे.

पडलेल्यांचं कार्यालय शाळेपासून जवळ, म्हणून तिथे त्या स्वतःच गेल्या. जिन्यात झेंड्यांचे गठ्ठे, वर एका खोलीत तीस-बत्तीस वर्षांचा चष्मेवाला एकटा बसलेला. घरांचं प्रकरण आपणच लिहिलं, असं त्याने खाली बघत कबूल केलं. त्यासाठी त्याला दोन दुपारी मिळाल्या होत्या. तो स्वतः भाड्याने राहत होता आणि सहा वर्षांतलं हे त्याचं चौथं घर. बाईंनी सहा प्रश्न विचारले. पाचांना तो "माहीत नाही" म्हणाला. इतक्या दिवसांत हे शब्द कोणी पहिल्यांदाच उच्चारत होतं, त्यामुळे बाईंना तो आवडलाच. पहिल्या प्रश्नाला म्हणाला, वीस वर्षं राहिलेल्या भाडेकरूला त्याच्या संमतीशिवाय हलवू नये असं आपण लिहिलं होतं, पण वरच्यांनी ते काढलं. आपलं मत अजून तेच आहे. तसं व्हायला हवं.

बाई घरी आल्या आणि तक्ता घेऊन बसल्या. पडलेल्यांच्या रकान्यातली पहिली चौकट रिकामी होती. ती तशी ठेवायची म्हटलं तर हात वळेना. तसं व्हायला हवं म्हणाला, म्हणजे उद्या कोणी तरी धारेवर धरलं तर होईलही. खेळाचे सर नाही का गेले विज्ञानाला. त्यांनी बारीक टोक केलेली पेन्सिल उचलली आणि लिहिलं: वीस वर्षांच्या आसपास राहिलेल्या भाडेकरूला संमतीशिवाय हलवता येणार नाही. 'च्या आसपास' हे त्या चष्मेवाल्याने म्हटलेलं नव्हतं. ते बाईंनी घातलं, कारण त्यांना एकोणीस झाली होती.

तक्ता मास्तरांच्या दुकानात आरशाशेजारी लागला. शर्टाचं माप देता देता लोक तो वाचू लागले. दुसऱ्याच दिवशी नर्सने त्याचा फोनवर फोटो काढून आपल्या दवाखान्यातल्या मैत्रिणींना पाठवला, त्यांनी आणखी कोणाला, आणि फोनवरच्या फोटोत पेन्सिल आणि पेन यांत काही फरक कळत नाही. पडलेल्यांच्या इथल्या कार्यकर्त्यापर्यंत तो पोहोचला तेव्हा आपल्या पक्षाचं असं काही धोरण आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. तो इतका खूश झाला, की त्याने त्याची पत्रकंच छापली.

मग सत्तेतल्यांचा कार्यकर्ता धावत दुकानात आला. बाई तेव्हा शाळेत होत्या. आमच्या रकान्यातच चौकट रिकामी का, म्हणून त्याने मास्तरांना जाब विचारला. मास्तर पायजम्याची नाडी ओवत होते. त्यांनी पेन पुढे केलं, आणि त्याने शेजारच्या चौकटीत बघून तेच वाक्य आपल्या हाताने, जाड अक्षरात लिहिलं. नव्यांचा निरोप बाईंच्या फोनवर संध्याकाळी आला: आम्ही तर हे आधीपासूनच म्हणत आहोत. मास्तरांनी तेही लिहून घेतलं. बुधवारपर्यंत पहिल्या प्रश्नाला तीनही पक्षांचं उत्तर एकच झालं होतं आणि इमारतीत लोक एकमेकांना बघून हसत होते.

बाईंना आतून काही तरी टोचत होतं, पण परीक्षेचे पेपर होते, आणि टोचणारी गोष्ट पुढे ढकलायला शिक्षकाला पेपरांसारखं कारण नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या चौकातून येत होत्या. सत्तेतल्यांची गाडी उभी होती, वर कर्णा. खुद्द उमेदवार बोलत होता. भाडेकरूंच्या डोळ्यांतलं पाणी आपण पाहिलं आहे, असं सांगून तो म्हणाला, "वीस वर्षांच्या आसपास राहिलेल्या भाडेकरूला कोणी हलवू शकणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई जागच्या जागी थांबल्या. जगातल्या कुठल्याही कायद्यात 'आसपास' नसतं. हे त्यांचं स्वतःचं एक वर्ष कर्ण्यातून बोलत होतं. तीन पक्षांचं धोरण म्हणून ज्याच्यावर आठ बिऱ्हाडं उद्या निर्णय घेणार होती, ते एका चष्मेवाल्याचं मत अधिक त्यांची हौस, एवढंच होतं.

त्या तशाच दुकानात गेल्या. मास्तर सुरात होते. सहीचा प्रश्नच मिटला होता. त्यांनी फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर कॉलरचा खाका काढून तो कापलाही होता. बाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कोण काय म्हणालं होतं, त्यांनी काय लिहिलं, कशाने लिहिलं. मग पिशवीतून खोडरबर काढून आपली चौकट पुसली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "शेजारची दोन तर पेनाने आहेत."

"ती माझं बघून लिहिलीत, मास्तर. कॉपी आहे."

"कॉपी करून पास होत नाहीत का लोक?"

बावीस वर्षांचा अनुभव मास्तरांच्याच बाजूने होता.

मास्तर कात्री उचलून पुन्हा खाली ठेवत म्हणाले, "दोन रात्री नीट झोपलो होतो, बाई. पुसायचंच होतं तर निदान शनिवारी पुसायचं." आणि पाठ फिरवून मशीन सुरू केलं. मशीनमध्ये कापड नव्हतं.

बाई जिना चढल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लिफ्टवाले पिशवी पायरीवर ठेवून बसले होते. गुडघ्याला बाम लावून झाला होता. घरात लावला की बाईंना कळतं, म्हणून इथे. बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, की आता मी काय तोंड दाखवू.

लिफ्टवाल्यांनी बामाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तीन आठवडे झाले, मी मोठ्या इस्पितळात विचारून आलोय."

"कशाचं?"

"लिफ्टमनचं. आत स्टूल असतं. बटण दाबायचं. ठरलेली पाळी, त्यामुळे अर्ध्या तासात कुठे धावायला नको. त्या वसाहतीतून बसने जमेल."

ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून कुठल्या मजल्याचा दरवाजा घासतोय ते कळतं, तो स्टुलावर बसून लोकांना कितवा मजला विचारणार होता. आणि हे त्याने तीन आठवड्यांपूर्वीच, फॉर्म आला त्याच आठवड्यात ठरवलं होतं. म्हणजे बाई तीन पक्षांची शहाण्णव अधिक साठ अधिक फोनवरची पानं वाचत होत्या तेव्हा घरातलं गृहनिर्माण धोरण आधीच तयार होतं. बाईंना इतका राग आला, की त्या नेमकं कोणावर चिडल्या हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. सत्तेतले, पडलेले, नवे, मालक, समोरचा बामाच्या वासाचा माणूस आणि पेन्सिल. रांग मोठी होती.

"मला न विचारता?" एवढंच त्या म्हणाल्या.

"तू कामात होतीस ना."

शुक्रवारी बाईंनी दुपारनंतरची रजा टाकली. मालकाचा मुलगा सहाला आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. चार बिऱ्हाडांचं मन सहीकडे झुकलं होतं, दोघांचं नव्हतं, आणि मास्तर बाईंकडे न बघता काज करत बसले होते. मुलाने वही, पेन, शाईची पेटी काउंटरवर मांडली. बाईंनी भिंतीवरचा तक्ता काढला, काउंटरवर पसरला, पट्टी घेतली आणि तीन पक्षांच्या पुढे आणखी एक उभी रेघ मारून वर लिहिलं: मालक.

"बाई, हे काय?"

"तू गावाबाहेरचं घर देतोयस. ते पण धोरणच झालं. सहा प्रश्न आहेत. बस."

तो बसला. आता त्याची स्वतःची पोरं शाळेत जात होती, पण बाईंनी बस म्हटल्यावर उभं राहायची त्याला सवय नव्हती. कधीपर्यंत? तो म्हणाला, दोन-अडीच वर्षं. बाई म्हणाल्या, दोन की अडीच? तोवर राहायचं कुठे? त्याची सोय करू. कोण करणार, कुठे? लवकरात लवकर करू. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो शब्द त्यांनी अठरा वेळा अधोरेखित केलेला होता. मागे नर्स खुदकन हसली, आणि मुलाने कपाळ पुसलं. फॉर्मवर यातलं काहीच नव्हतं. चार पानांच्या फॉर्ममध्ये भाडेकरूने काय काय सोडायचं ते बारकाईने होतं; त्याला काय मिळायचं ते दीड ओळीत.

"घर केवढं?" बाईंनी विचारलं.

"चांगलं मोठं आहे, बाई. हे दुकान आहे ना, असं दीडपट."

मास्तर काज बाजूला ठेवून उठले. गळ्यातली टेप काढून त्यांनी एक टोक मुलाच्याच हातात दिलं आणि त्याला भिंतीशी उभं केलं. दुकानाची लांबी, मग रुंदी, मग कापडाच्या कपाटामागचा कोपराही. मापं मोठ्याने सांगत गेले, गिऱ्हाइकाची सांगतात तशी. मग दीडपटीचा आकडा काढून आपली मापांची वही त्याच्यापुढे सरकवली.

"लिहा. खाली तारीख, सही. मी अंदाजाने कापड कापत नाही."

मुलाने पेन उचललं, ठेवलं, आणि म्हणाला की वडिलांना विचारावं लागेल. बाई म्हणाल्या, विचार. सहाही प्रश्न विचार. उत्तरं फॉर्मवर पेनाने येऊ देत, मग सह्यांचं बघू. मुदत आज संपते, असं तो पुटपुटला. मग आज रात्री कोणी इमारत पाडायला येणार आहे का, असं लिफ्टवाल्यांनी अगदी चौकशी करावी तसं विचारलं. त्यावर त्याने वही, पेन, पेटी गोळा केली. निघताना त्याला गठ्ठ्यावर कॉलरच्या आकाराचा आपला फॉर्म दिसला.

सही कोणीच केली नाही. तो काही मोठा विजय नव्हता. प्रत्येकाला शेजाऱ्याने आधी करावी असं वाटत होतं आणि शेजाऱ्यालाही तसंच वाटत होतं.

रविवारी दोघं मतदान करून आले. येताना लिफ्टवाल्यांनी विचारलं, की एवढं वाचून शेवटी दिलंस कोणाला.

"माहीत नाही म्हणाला त्याला."

"म्हणजे पडलेल्यांना? त्यांचा तर फोटोसुद्धा उसना आहे."

"त्या पोराला दिलं. पक्ष त्याच्यासोबत आला, त्याला मी काय करू." आणि मग, चार पावलं गेल्यावर, "इस्पितळाला सांगा, एवढ्यात नको म्हणून."

"एवढ्यात म्हणजे कधीपर्यंत?"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते सांगतो म्हणून मोकळे झाले.

मंगळवारी निकाल लागला. बुधवारी सकाळी जिंकलेल्यांनी भाडेकरूंच्या प्रश्नाचा टप्प्याटप्प्याने विचार करण्याचं जाहीर केलं, तेव्हा कोण जिंकलं हे सांगायची गरज नाही. तिघांपैकी कोणीही जिंकलं असतं तरी बुधवारी सकाळी हेच झालं असतं. आणि बुधवारी संध्याकाळी मालकाचा मुलगा नवा फॉर्म घेऊन दुकानात आला. सहापैकी चार उत्तरं पेनाने होती. तोवर राहायची सोय गावातच, दोन चौक सोडून, पत्त्यासकट. मुदत सव्वादोन वर्षं. जबाबदार कोण, यापुढे वडिलांचं नाव होतं आणि ते लिहिताना वडील काय बोलले असतील ते अक्षरावरून कळत होतं. घराच्या मापाचा आकडाही होता. याच भागात की बाहेर, ती चौकट कोरी. आणि संमतीशिवाय हलवता येईल का, तीही.

मास्तरांनी आपली वही उघडून आकडा ताडून पाहिला. पुन्हा पाहिला. मग बाईंशी सहा दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"बाई, बघा जरा. यात माझं कापडाचं कपाट धरलेलं नाही."

बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली, मुलाला बस म्हटलं, आणि वर लिफ्टवाल्यांना हाक मारली की स्वयंपाकाला उशीर होईल, कुकर तेवढा लावून घ्या.